सहलीत हवेला कोण विचारतो?

मंडळी, आपल्याकडे सहल कशी ठरते ते एकदा शांतपणे बघा. आधी सुट्टी बघतात. मग पैसे. मग गाडी, म्हणजे कुणाच्या तरी ओळखीची मिनीबस नाहीतर क्रूझर. मग किती घरं, किती लेकरं आणि पुढच्या सीटवर कोण. मग ट्रॅव्हल्सवाल्याचा तो रंगीत कागद येतो : "महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड, हरिहरेश्वर, मुरुड, अलिबाग. ५ रात्री ६ दिवस, जेवणासह, बारमाही." एवढे सगळे झाल्यावर, गाडी निघायच्या आदल्या रात्री, घरातली एखादी म्हातारी विचारते, "तिकडं पाऊसपाणी कसं हाय म्हणं?" आणि घरातले सगळे हसतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की या सगळ्या खटाटोपात शहाणा प्रश्न एकच विचारला गेला, आणि तो शेवटी विचारला गेला. तो पहिला असायला हवा होता.

हे मी जरा चिडूनच लिहितो आहे. नांदेड-लातूरकडच्या साध्या घरात अशी सहल पाच-दहा वर्षांतून एकदा होते. भिशी लागते, किंवा सोयाबीनला बरा भाव मिळतो, किंवा पोरगा नोकरीला लागतो, तेव्हा कुठे आई-बापांना समुद्र दिसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाची सहल वाया गेली तर तो पुढच्या शनिवारी पुन्हा जातो. आपली वाया गेली तर त्या म्हातारीने समुद्र पाहिला नाही तो नाहीच. आणि नुसती वाया जाण्यावर भागत नाही, कधी कधी माणसे जातात. मग लोक म्हणतात, "काय करता, नशीब!" नशीब कसले? हवा म्हणजे काही मटक्याचा आकडा नव्हे. ती बऱ्याच अंशी कळते. विचारले तर!

नकाशा समोर घ्या. नांदेडहून निघालेला रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि हातखंब्यावरून रत्नागिरीच्या समुद्राला जाऊन टेकतो. नागपूर-रत्नागिरी महामार्ग म्हणतात तो हाच. एकच रस्ता, एकच राज्य, एकच भाषा. पण या रस्त्यावर हवा किमान तीनदा बदलते. सोलापूरपर्यंत आपलीच कोरडी हवा. कोल्हापूर सोडून मलकापूरच्या पुढे गेलात की सह्याद्रीची हवा. घाट उतरलात की खारी, दमट, अंगाला चिकटणारी. प्रतिरोध पर्जन्य, पर्जन्यछायेचा प्रदेश, खारे वारे, मतलई वारे... हे सगळे आपण शाळेत पाठ केले, त्यावर मार्क मिळवले आणि परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून आलो. मी अनेक वर्षे भूगोल शिकवला, म्हणून हे मला जास्त बोचते. खिडकीतून तोच धडा समोर दिसत असतो आणि आम्ही मोबाईलवर सिनेमा बघत असतो.

खरी अडचण अशी आहे की आपल्याला हवा कळते, पण ती मराठवाड्याची. जन्मभर इथल्या आभाळाखाली राहून आपले काही अडाखे बनलेले असतात. इथे ते बरोबरही असतात. घाट ओलांडला की तेच अडाखे उलटतात. एकेक सांगतो.

पहिला अडाखा उन्हाचा. "आमच्याकडं बेचाळीस असतंय हो, त्यांच्या चौतीसचं काय कौतिक!" हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल. अहो, आपल्या बेचाळीसमध्ये हवा कोरडी असते. घाम आला की उडून जातो आणि अंग निवते. म्हणून तर आपला माठ गार होतो, आपला कूलर चालतो. तोच कूलर रत्नागिरीत लावून बघा, खोलीभर नुसता दमटपणा होईल. माठातले पाणीही तिथे इतके गार होत नाही. जे माठाचे तेच माणसाचे. घाम उडाला नाही तर अंगातली उष्णता बाहेर जाणार कुठून? १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर दुपारी सरकारी कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता. अडतीस! नांदेडात अडतीसला लोक म्हणतात, आज जरा बरं वाटतंय. ऊन नुसत्या आकड्याने मोजायचे नसते. ते दमटपणासकट मोजायचे असते. मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता सत्तरीच्या आई-वडिलांना किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्या लेकांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा अडाखा पावसाचा. आपल्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा. येतो तासभर, फार तर रात्रभर. आला की आनंदच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावातला माणूस पावसाला कशाला भिईल? तो पाऊस दिसला की हात पसरतो. पण लातूरला साऱ्या वर्षात सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एकाच दिवसात, २२ ला सकाळी सुरू होऊन २३ च्या सकाळपर्यंत, सुमारे ५९४ मिलिमीटर पडला. म्हणजे आपला जवळजवळ नऊ महिन्यांचा हिशेब एका दिवसात चुकता! त्याच पावसात चिपळूण बुडाले, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचला. रंगीत कागदावरची "महाबळेश्वर ते हरिहरेश्वर" ही सहल नेमकी याच घाटाने उतरते. तिथे "बारमाही" हा शब्द छापणाऱ्याचा हात कसा धजावतो, देव जाणे.

तिसरा अडाखा पाण्याचा. आपल्याकडे पाऊस जिथे पडतो तिथेच बहुधा पाणी दिसते. आभाळ मोकळे असेल तर ओढाही कोरडा. घाटात तसे नाही. तुम्ही धबधब्याच्या पायथ्याशी उभे असता, तिथे नुसती भुरभूर असते. पाऊस वर डोंगरावर कोसळत असतो, तो तुम्हाला दिसतच नाही. पाणी मात्र काही मिनिटांत येते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलेले सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. हे पाणी कसे येते ते त्यांना कुणी सांगितले होते का, एवढाच माझा प्रश्न आहे. समुद्राची गोष्ट आणखी वेगळी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली चौदा मुले-मुली बुडाली. फेब्रुवारी महिना, ना पाऊस ना वादळ. आभाळ स्वच्छ असले म्हणजे समुद्रही निवांत असतो असे मुळीच नाही.

चौथा अडाखा सगळ्यात घातक. "हवामान खातं पाऊस सांगतंय ना? मग छत्री घरी ठेवा!" हा विनोद आपल्याकडे खपतो, कारण आपला पाऊस शिवारागणिक वेगळा. बांधाच्या या बाजूला पडतो, त्या बाजूला नाही. बराचसा वळवाचा, वीज-वाऱ्याचा पाऊस. दुपारी ढग फुगतो, संध्याकाळी कुठेतरी कोसळतो. त्याचे गाव आधी सांगणे खरोखरच अवघड असते. कोकणातला जुलैचा पाऊस त्या जातीचा नाही. तिथे समुद्रावरून जोरदार वारा येतो, सह्याद्रीला अडतो, वर चढतो आणि रिता होतो. तो वारा किती जोराचा आहे हे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी कळते. म्हणून रायगड-रत्नागिरीला किंवा साताऱ्याच्या घाटमाथ्याला लाल इशारा असेल तर तो आपल्या गावच्या अंदाजासारखा हसण्यावारी न्यायचा नसतो. घरी शिकलेला अविश्वास आपण बरोबर घेऊन जातो आणि तिथे तो जिवावर बेततो.

आणि आता तर आपल्या घरचेही अडाखे डळमळले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरले आणि माणसे गेली. ज्यांना वाटते की हे सगळे कोकणातल्यांचे दुखणे आहे, त्यांनी त्या गावांत जाऊन विचारावे.

आता समोरच्यांचे म्हणणेही ऐकू. ते अगदीच पोकळ नाही.

पहिले म्हणणे असे, "सर, सुट्ट्याच मे मध्ये. काय करावं?" खरे आहे. त्यात लातूरची तऱ्हा आणखी वेगळी. लातूर पॅटर्नमध्ये लेकरू अडकले की दोन वर्षे घराला श्वास नाही. कुणी गावाकडचे घर बंद करून शिकवणीजवळ खोली घेऊन राहतात. मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा होते आणि ती झाली की घरच्या घरं गाडीत बसतात. महाबळेश्वरला गेलात तर एक वेळ ठीक आहे. ते नांदेडपेक्षा जवळपास हजार मीटर उंच, आणि उंची हजार मीटरने वाढली की पारा सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. त्यात समुद्र जवळ, म्हणून आणखी थोडा. पण तिथून खाली कोकणात उतरायचा हट्ट का? २०२५ साली काय झाले आठवा. परीक्षा ४ मेला झाली, मे महिनाभर अवकाळीने झोडपले आणि नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात येणारा मोसमी पाऊस २५ मेलाच आला. २६ ला तो मुंबईत होता. त्या आठवड्यात निघालेल्यांनी समुद्राऐवजी लॉजची खिडकी पाहिली. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेले आणि २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ रायगडावर आदळले. मेचा उत्तरार्ध आता कोकणात भरवशाचा राहिलेला नाही. जायचेच तर पहिल्या पंधरवड्यात जा. एकाच गावी मुक्काम करा. पहाटे आणि संध्याकाळी फिरा, दुपारी हापूस खाऊन सरळ झोपा. आंब्यासाठी मे, हे मला मान्य. पण सहा दिवसांत सहा ठिकाणे, हे मान्य नाही.

दुसरे म्हणणे, "दिवाळीत जायचं म्हणता, मग सोयाबीन कोण काढणार? हरभरा कोण पेरणार?" हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात खरा. सुट्ट्यांचे वेळापत्रक शेताकडे बघून केलेले नाही, तसेच ते समुद्राकडे बघूनही केलेले नाही. नोकरदारांसाठी नोव्हेंबर उत्तम. पाऊस संपलेला, होड्या सुरू झालेल्या, डोंगर अजून हिरवा-पिवळा. शेतकऱ्यासाठी पेरणी आटोपल्यानंतरचा डिसेंबर-जानेवारी उत्तम. शाळा बुडते म्हणाल, तर बुडू द्या चार दिवस! हे एक जुना मास्तर सांगतो आहे, म्हणून जरा विचार करा. संक्रांतीच्या पुढे-मागे रविवार धरून, मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एखादी सुट्टी जोडून चार दिवस निघतात. इयत्ता सहावीतल्या पोराने त्या चार दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा गालावर घेतला, तर त्याचा एक धडा कायमचा झाला. वर्गात मी तो फळ्यावर बाण काढून शिकवायचो. बाणाला वास नसतो.

तिसरे म्हणणे तरुणांचे, "पावसातच तर मजा आहे काका, धुकं, धबधबे!" पोरांनो, पाऊस पाहण्याची आपली भूक मला कळते. पण जुलैतल्या महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना विचारा. ऑर्थर सीटवरून काय दिसले? पांढरे. केट्स पॉइंटवरून? तेच पांढरे. साडेपाचशे किलोमीटर जाऊन, भाड्याने छत्र्या घेऊन, एक ओला कणीस खाऊन परत. त्यापेक्षा पावसाळ्यात आपल्या पैनगंगेवरचा सहस्रकुंड बघा, किनवट-माहूरचे डोंगर बघा. तिथेही कठड्याच्या अलीकडेच उभे राहा. सह्याद्रीची हिरवाई हवी असेल तर जोराचा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये जा. साताऱ्याजवळ कास पठार तेव्हाच फुलते. शिवाय पूर आला तर नुसता घाटच नाही, हमरस्ताही बंद होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले होते. आपला रत्नागिरीचा रस्ता त्याच कोल्हापूरवरून जातो.

असो. टीका पुष्कळ झाली. मास्तर नुसता रागावून थांबला तर पोरे म्हणतात, मग करायचं काय ते सांगा ना. सांगतो.

डोंगर आणि समुद्र एका सहलीत कोंबू नका. दोघांचे हंगाम वेगळे, कपडे वेगळे, दिवसाचे वेळापत्रकही वेगळे. दोन्ही एकत्र साधायचेच असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हाही महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधी कधी दव गोठते आणि खाली कोकणात दुपारी पंखा लागतो, म्हणजे एकाच पिशवीत स्वेटरही हवा आणि सुती सदराही. जून ते ऑगस्ट समुद्राचे नावच काढू नका. जून-जुलैत मासेमारी बंद, जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद. जन्म समुद्रावर काढलेला कोळी ज्या महिन्यांत होडी ओढून वर ठेवतो, त्या महिन्यांत आपण पाण्यात शिरायचे, हा कुठला शहाणपणा?

भरती-ओहोटीची वेळ काढायला मोबाईलसुद्धा लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. तिथीचा आकडा पाऊणने गुणा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. प्रतिपदेपासून पुन्हा एक. गावागणिक थोडे पुढे-मागे होते, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, तेव्हा अधिक जपायचे. चतुर्थीचा उपास न चुकता धरणाऱ्या आपल्या घरांत हा हिशेब एकाला तरी यायला नको का?

निघण्याच्या चार दिवस आधीपासून रोज हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. फुकट मिळतो आणि मराठीत मिळतो. जिथे जायचे त्या जिल्ह्याचा बघा, आणि ज्या घाटातून जायचे तिथलाही बघा. नारिंगी असेल तर बेत बदलायची तयारी ठेवा, लाल असेल तर निघूच नका. पैसे बुडतील म्हणाल, तर त्याचसाठी शेवटचा मुद्दा.

ट्रॅव्हल्सवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. लाल इशारा आला तर पैसे परत देणार की तारीख बदलून देणार? घाट बंद झाला तर दुसरा रस्ता कोणता आणि त्याचे जास्तीचे भाडे कुणाचे? समुद्रावर नेणार त्या दिवशी भरती किती वाजता? पहिल्या दोन प्रश्नांना तो हसेल, कारण आजवर त्याला कुणी विचारलेलेच नाही. दहा घरांनी विचारले की त्याच्या त्या रंगीत कागदावरून "बारमाही" हा शब्द आपोआप जाईल. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला आले नाही तर म्हातारीला घेऊन सरळ उठा आणि दुसऱ्या दुकानात जा.